ताडपत्रीखालची म्हातारी

४ फेब्रुवारी, सोमवार

माणसाच्या खांद्यावर शंभर पौंडांची ताडपत्रीची वळकटी टाकून "हं, चढ" म्हणायचं, याला आमच्या कंपनीत प्रशिक्षण म्हणतात. आज पहिला दिवस झाला. मी चौदा वेळा शिडी चढले. शिकवणारा एकदाही चढला नाही.

बावीस वर्षं मी विमा कंपनीत दावे तपासले. कुणाचं तळघर बुडालं, कुणाचं छप्पर गारांनी फोडलं, आणि त्यात चूक कुणाची, हे मी टेबलाशी बसून, पाय न भिजवता ठरवत असे. ऑक्टोबरात कंपनीने माझं टेबल कॉम्प्युटरला दिलं. त्याला म्हणे कंटाळा येत नाही. मलाही येत नव्हता, पण मला कुणी विचारलं नाही. लायमा गावात बावन्न वर्षांच्या बाईला दोनच कामं मिळतात, दुकानात गल्ल्यावर उभं राहायचं किंवा ट्रक चालवायचा. गल्ल्यावर दिवसभर हसावं लागतं. मी ट्रकचा परवाना काढला.

परवाना देताना कुणी सांगितलं नाही की फ्लॅटबेडवर, म्हणजे ना भिंती ना छत अशा उघड्या ट्रेलरवर, गाडी हाकणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे माल झाकणं. आणि अट अशी की पहिल्या नव्वद दिवसांत मालाच्या नुकसानीचा एक जरी दावा माझ्या नावावर लागला, तर मी घरी. नव्वद दिवस निभावले तर नोकरी पक्की आणि आरोग्यविमा सुरू. विम्यात अर्धी हयात घालवून स्वतःचा विमा नसलेली बाई अख्ख्या ओहायोत मीच असेन.

माझा प्रशिक्षक व्हर्लिन साइझमोर. वय बासष्ट, मूळचा पूर्व केंटकीच्या डोंगरातला, बोलतो तेव्हा प्रत्येक शब्द जणू चढण चढून येतो. उजवा हात कोटाच्या खिशात घालून खाली उभा राहतो आणि डाव्या हाताने गार कॉफी पीत मला वर काय चुकतंय ते सांगतो. मला रोंडा हे नाव आहे, पण तो मला "बाई" म्हणतो. मालाला "म्हातारी" म्हणतो. प्लायवूड असो की पाइप, पट्टे आवळून झाले की थोपटतो आणि म्हणतो, "चल गं म्हातारे." मी विचारलं, सगळ्याच कशा म्हाताऱ्या? म्हणाला, "तरुण असत्या तर आपल्याबरोबर कशाला आल्या असत्या?"

हे मला विनोद म्हणून खपवून घ्यावं लागलं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज महामार्गावर आमच्या ताडपत्रीचा फुगा झाला. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या दोन पोरांनी आमचा फोटो काढला.

झालं असं की लांब लोडला दोन ताडपत्र्या लागतात. मी आधी पुढची टाकली, मग मागची, आणि मागचीची कड पुढचीवर घेतली. डोकं शाबूत असलेला माणूस पुढून मागेच जाईल. व्हर्लिन खालून बघत होता. एक अक्षर बोलला नाही. गाडीने वेग घेतला आणि वारा त्या कडेखालून आत शिरला. ट्रक उडून जातो की काय असं वाटलं.

थांब्यावर गाडी घेऊन त्याने सगळं सोडायला लावलं. मागची आधी, पुढची तिच्यावर, छपरावरच्या फळ्या जशा एकीवर एक बसतात तशी. मग वारा वरून घसरत जातो, त्याला आत शिरायला जागाच राहत नाही. दोन तास लागले, बोटांची सालं निघाली. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणाला, "सांगितलं असतं तर विसरली असतीस."

बावीस वर्षं मी लोकांना लिहून कळवत होते की सूचना न देणारा पक्ष जबाबदार असतो. आज ते पत्र कुणाला धाडू?

१३ फेब्रुवारी, बुधवार

या वयाच्या बायकांना जे होतं ते मलाही होतं. अंगातून एकाएकी भट्टी पेटते, मानेवरून घाम ओघळतो, सदरा पाठीला चिकटतो. डॉक्टरांनी सांगितलंय की हा आजार नाही. त्यांना होत नाही, म्हणून नसेल.

आज बाहेर उणे बारा आणि मी ट्रकची काच खाली केली. व्हर्लिनने काही विचारलं नाही. लोकरीची टोपी काढून कानांवर ओढली आणि गाडी चालवत राहिला. तासाभराने पुन्हा तेच. झोपायच्या कप्प्याला मागे एक छोटी खिडकी आहे, ती त्याने आपणहून उघडली. माणूस तसा बरा असावा असं मला वाटलं.

हे वाक्य खोडायला हवं, पण नोंदीवर तारीख पडलीय म्हणून राहू देते.

आणखी एक. तो माझ्याकडून काम करवून घेतो ते शिकवण्यासाठी नव्हे, आळसामुळे, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. आज ताडपत्री ताणून धरणारा एक रबरी हूक त्याच्या डोक्याएवढ्या उंचीवर अडकला होता. हात वर केला की निघाला असता. मी ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला होते, तर मला तिथून बोलावलं. मी येईपर्यंत खिशात हात घालून उभा.

१८ फेब्रुवारी, सोमवार

आज मी जे झाकलं ते पाहायला खरं तर गावातून माणसं यायला हवी होती.

गिअरची पेटी. पेटी म्हणजे खोका नव्हे. एका खोलीएवढं पोलादी धूड, दोन बाजूंनी बाहेर आलेले दांडे, वर उचलण्यासाठी चार कान, आणि आरशासारख्या घासलेल्या गुळगुळीत बाजू, ज्यांना पाण्याचा थेंब चालत नाही. ते अलाबामात बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात पोचवायचं. सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं. ताडपत्र्या ओल्या, खालचे लाकडी ठोकळे ओले, मी ओली.

प्रत्येक टोकाला टायरचे तुकडे आणि जुन्या गालिच्याचे कापे बांधले, नाहीतर वाऱ्याने घासून ताडपत्रीला भोक पडतं. दांड्यांच्या खाली कापडाची घडी कशी घालायची ते व्हर्लिनने रुमालावर दाखवलं. नीट दाखवलं, खोटं कशाला बोलू? चार तासांनी मी खाली उतरले तेव्हा भेटवस्तू बांधल्यासारखं दिसत होतं. कुठे सुरकुती नाही. व्हर्लिनने फेरी मारली, मान हलवली, आणि सगळ्यात मागे जाऊन मी लावलेले खालचे तीन रबरी हूक काढून घेतले. हात जाईल एवढी फट. का ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण हा माणूस माझ्या नीटनेटकेपणावर जळतो हे मला एव्हाना कळलेलं आहे.

पण खरं पुढेच आहे. मी ट्रकच्या आत सदरा बदलत होते. व्हर्लिन बाहेर उभा राहून फोनवर बोलत होता, बहुधा कारखान्यातल्या कुणाशी. मी शब्दन्‌शब्द ऐकला, आणि लगेच लिहून ठेवला, जुन्या सवयीने:

"म्हातारी ओलीचिंब आहे. कोंडली की तिला घाम फुटतो, तुम्हाला माहीतच आहे. मागून उघडं ठेवलंय, जरा वारा लागेल तिला. आता दक्षिणेत उकाड्यात शिरलो की आणखी त्रास देणार. बघू, पोचेपर्यंत टिकली म्हणजे झालं."

टिकली म्हणजे झालं.

मी तो ओला सदरा हातात धरून दहा मिनिटं बसून राहिले. माझ्या घामाची चर्चा अलाबामापर्यंत पोचली होती. मागची खिडकी माझ्यासाठी उघडली म्हणून मी त्याला बरा माणूस म्हटलं होतं. तो तर तिचा किस्सा करून सांगत होता.

संध्याकाळी केंटकीच्या थांब्यावर पोचल्यावर मी कार्यालयातल्या पॅट्रिस व्होरहीस बाईंना तक्रार लिहिली. सुरक्षेचं आणि माणसांचं, दोन्ही खाती त्यांच्याकडे. वय आणि बाईपणा यावरून सहकाऱ्याने केलेली मानहानी, अवतरणचिन्हांत शब्दशः उतारा. तीन परिच्छेद. इतकं सुरेख मी कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं. पाठवून दिलं आणि दोन वाट्या चिली, म्हणजे मांसाचा तिखट रस्सा, खाल्ला.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी व्हर्लिन म्हणाला, आजपासून ट्रेलरची मागची बाजू तुझी, पुढची माझी. यांच्यात अशी रीत आहे की प्रशिक्षकाने मागची बाजू सोपवली की तो तिकडे पुन्हा पाहत नाही. पाहिलं तर तो नवशिक्याचा अपमान. मला वाटलं, तक्रारीचा वास लागलाय आणि आता लाडीगोडी चाललीय.

तो न्याहारी घेत होता तेवढ्यात मी मागे गेले आणि ती फट बंद केली. निघताना गोदामातून घेतलेले तीन नवे लाल हूक, तळाशी घट्ट. इतका महाग माल, वर बर्फ, आणि हा गबाळेपणा? माझ्या बाजूला तरी नाही.

दर तीन तासांनी गाडी थांबवून तपासणी करायची असते. दर वेळी तो पुढून ओरडून विचारायचा, "मागे ठीक?" आणि मी म्हणायचे, "ठीक." एकदाही आला नाही पाहायला. टेनेसी ओलांडताना ऊन पडलं. अलाबामात तर कोट काढावा लागला. ताडपत्री उन्हात ढोलासारखी ताणलेली. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडी लावली. एक थेंब आत गेलेला नाही, हे मी शपथेवर सांगू शकते.

२० फेब्रुवारी, बुधवार

थेंब आत गेला नव्हता. तो आतच होता.

ताडपत्री उचलली तर तिच्या पोटातून पाऊस पडला. पेटीच्या चारही गुळगुळीत बाजूंवर नारिंगी मखमल उगवलेली. गंज. तिथल्या फोरमनने एका बोटाने ती पुसली, बोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "घामाने खाल्लीय."

मी विचारलं, कुणाच्या घामाने? तो माझ्याकडे दयेने बघायला लागला. मग त्याने समजावून सांगितलं, शाळेतल्या पोरीला सांगावं तसं. उत्तरेतलं थंडगार पोलाद, ओली ताडपत्री, ओले ठोकळे. सगळं गच्च कोंडून उन्हात आणलं की त्या ओलीची वाफ होते आणि गार पोलादावर बसते. पोलादाला घाम येतो. म्हणून मागून फट ठेवतात. परवा व्हर्लिनने फोनवर त्यालाच तसं सांगितलं होतं. मग बंद कुणी केली?

व्हर्लिन त्या तीन लाल हुकांकडे बघत होता. त्याचे सगळे हूक काळे असतात.

"मीच केली," तो म्हणाला. "विसरलो. वय झालं."

मी तोंड उघडलं. तो म्हणाला, "बाई, गाडीत जाऊन बस." आणि मी, जिने आजवर कुणाचं ऐकून घेतलं नाही, जाऊन बसले.

राग येतोय. पोलादाला घाम येतो हे तोंड उघडून सांगायला याला काय झालं होतं? सांगितलं असतं तर मी विसरले नसते. लिहून ठेवलं असतं. लिहून ठेवलंच होतं.

मागची पानं आत्ता वाचली. चार तारखेला मीच लिहिलंय की तो मालाला म्हातारी म्हणतो.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

परतीच्या वाटेवर मी त्याला तक्रारीबद्दल सांगितलं. सगळं, उताऱ्यासकट. पुढचे चाळीस मैल तो रस्त्याकडे बघत गाडी हाकत राहिला. मी मोजले, मैलांच्या हिरव्या पाट्या असतात.

मग म्हणाला, "माझ्या बायकोलाही व्हायचं ते. फेब्रुवारीत खिडक्या सताड उघड्या. मी चार वर्षं टोपी घालून झोपलो."

मी म्हटलं, मग तिला म्हातारी म्हणायचात का? म्हणाला, "जिवंत राहिलो ना मी?"

मी हसले नाही. मला ओरडायचं होतं, म्हणून ओरडले. दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायला यांना कुणी सांगितलं? आणि घ्यायचीच तर नीट तरी घ्यावी. त्याने लिहून दिलेला जबाब मी पाहिला होता. त्यात फट "सकाळी" बंद केली म्हणतो, कुठल्या सकाळी ते नाही, हूक कुठले ते नाही. माझ्या टेबलावर असा जबाब आला असता तर मी चहा यायच्या आत फेटाळला असता.

तो म्हणाला, "तुझा अजून महिनाही झालेला नाही, एका दाव्यात घरी जाशील. माझं काय, फार तर प्रशिक्षकाचा बिल्ला काढून घेतील." इतकं सहज म्हणाला की मी विश्वास ठेवला. थांब्यावर त्याला वरच्या फळीवरून कॉफीची झाकणं काढायची होती. डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरून त्याने तो वर ढकलला. छातीपर्यंत आला. तिथेच थांबला. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि झाकणाशिवायच कॉफी घेऊन आला.

मी दुसऱ्या रांगेत उभी राहून बिस्किटांचा पुडा वाचत होते. सगळा वाचला. त्यात शेंगदाणे असू शकतात.

२५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दहाला पॅट्रिस बाईंनी मला आत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या की प्रकरण सोपं आहे. दाव्यात व्हर्लिनने चूक कबूल केलीय, आणि वर माझी तक्रार आहे. त्यांच्या मते अशी मुद्देसूद तक्रार या कार्यालयात आजवर आली नव्हती. तिच्या आधाराने त्याचं प्रशिक्षकपद काढून घेत आहोत. मला दुसरा प्रशिक्षक मिळेल, माझे नव्वद दिवस चालू राहतील.

माझीच वाक्यं त्या टेबलावर होती. पिवळ्या रंगाने अधोरेखित केलेली.

मी विचारलं, मग व्हर्लिनचं काय? "काही नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना काढत थोडंच आहोत? पूर्वीसारखे एकटे गाडी चालवतील, एकटे माल झाकतील. ही काही शिक्षा नाही."

आता हे मी कुठे आणि कसं सांगायचं? त्याच्या उजव्या खांद्याचं बोलावं, तर त्याला उद्याच गाडीवरून उतरवतील. न बोलावं, तर आजपासूनच तो शंभर पौंडांची वळकटी घेऊन शिडीवर चढेल, आणि वारा असेल. दोन्हीकडून त्याचाच बळी, आणि वर कुणाचीही लबाडी नाही. सगळी कागदपत्रं बरोबर. मी अशी किती प्रकरणं मंजूर केली असतील? त्या माणसांचे खांदे कुठल्या रकान्यात होते?

मी म्हटलं, तक्रार मागे घेते, आणि जबाबाचा कोरा कागद द्या.

"तक्रार खोटी होती?"

"खोटी नाही. चुकीची."

"फरक काय?"

"माझा पगार बावीस वर्षं हा फरक ओळखण्यासाठीच होता."

मग मला मोठ्याने सांगावं लागलं की तो म्हातारी मला नव्हे, गिअरच्या पेटीला म्हणत होता. पॅट्रिस बाईंनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. पुढे विचारलं, घामही पेटीलाच? हो म्हटलं. तोही लिहिला.

जबाब मी लिहिला. तारीख, वेळ सकाळी सहा पंचेचाळीस, ठिकाण, तीन हूक, रंग लाल, कंपनीच्या गोदामातून घेतल्याची पावती माझ्या सहीची. फट प्रशिक्षकाने ठेवली होती, त्याच्या नकळत मी बंद केली, तपासणीत तीन वेळा "ठीक" असं खोटं कळवलं. कुठे फट ठेवली नाही. बाईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?" जणू मी कुठल्या परक्या भाषेत लिहिलं होतं. म्हटलं, मीच असले अर्थ लावायची. त्यांनी वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि ओळखपत्र मागितलं. तीन वाजेपर्यंत ट्रकमधून सामान काढायला सांगितलं. व्हर्लिनचा बिल्ला त्याच्याकडेच राहील. नवा नवशिका गुरुवारी येईल.

गुरुवारी. आज सोमवार.

कंपनीच्या अंगणात व्हर्लिनचा ट्रेलर उभा होता. त्यावर मक्याच्या कापणीयंत्राचं तोंड, भाल्यासारखी बारा टोकं पुढे काढून. पाच वाजता निघायचं होतं. व्हर्लिन शिडीच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता, वळकटीकडे बघत. कुणी सांगितलं असावं त्याला, कारण मला पाहताच भडकला. म्हणाला, "तुला गाडीत जाऊन बसायला सांगितलं होतं ना?" म्हटलं, हो, पण का ते नाही सांगितलं. तुमची नेहमीचीच खोड.

"आता काय करणार आहेस?"

"आधी बाजूला व्हा."

फोर्कलिफ्टवाल्याला हाक मारून मी वळकटी वर ठेवून घेतली आणि चढले. बारा टोकांना बारा टायरचे तुकडे. चार बांधून झाले तेव्हा पॅट्रिस बाई कोट न घालताच धावत आल्या. खालून म्हणाल्या, रोंडा, ताबडतोब खाली उतरा, तुम्ही आता इथल्या कर्मचारी नाही, तुम्हाला विमा नाही, काही झालं तर जबाबदार कोण? प्रश्न चांगला होता. उत्तर मला तोंडपाठ होतं, पण आता ते देण्याचे पैसे मला मिळत नव्हते.

व्हर्लिनने डाव्या हाताने पाचवा तुकडा वर धरला.

"बाई," पॅट्रिस पुन्हा म्हणाल्या, "मी तुम्हाला उतरायला सांगतेय."

मी विचार केला, तर खरंच, या अख्ख्या अंगणात मला हुकूम देऊ शकेल असं आता कुणीच नव्हतं. वारा वाढला होता आणि आठ टोकं उघडी होती. मी पाचवा तुकडा घेतला.